चौदा हजार किलोमीटरची एकादशी

बेंगळुरूच्या जे. पी. नगरमधल्या आमच्या फाटकापासून विमानतळाच्या दारापर्यंत एकोणपन्नास किलोमीटर होतात. गाडीच्या आकड्यावरून मी ते तीन वेगवेगळ्या दिवशी मोजलंय. तिथून सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ साधारण चौदा हजार किलोमीटर. पहिल्या अंतराला अम्माला, म्हणजे माझ्या आईला, दोन तास पस्तीस मिनिटं लागली, दुसऱ्याला सोळा तास. हे आकडे मी कुणाला सांगितले की लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही, कारण ते दोन-तीन आठवडे मी या आकड्यांवरच जगत होतो.

मी मोजमापाची उपकरणं तपासायच्या प्रयोगशाळेत काम करतो. कारखान्यांतून तराजू, दाबमापक, तापमापक येतात आणि ते किती खरं बोलतात हे आम्ही लिहून देतो. आमच्याकडून नुसता आकडा कधी जात नाही. त्याच्यापुढे अधिक-उणे लिहावं लागतं: इतका, पण इतक्याने कमी किंवा जास्त असू शकतो. सव्वीस वर्षं हेच केल्यामुळे नुसता आकडा दिसला की मला राग येतो.

आणि दोन विमानतळांमधलं अंतर सांगणाऱ्या वेबसाइटवर सगळे नुसतेच आकडे असतात. एकीने लिहिलं होतं, अठरा तास. खाली बघितलं तर त्यांनी अंतराला ताशी आठशेने भागून वर अर्धा तास टाकला होता, बस. जणू विमान म्हणजे पट्टीने आखलेल्या रस्त्यावरून जाणारी बस. दुसरी म्हणत होती पंधरा तास पंचेचाळीस मिनिटं. तिसरीने अंतर विमानतळापासून न धरता शहराच्या मध्यापासून धरलं होतं. मी अम्मासाठी काढलेल्या तिकिटावर होतं पंधरा तास पन्नास मिनिटं. मी विमान कंपनीला फोन करून विचारलं की यात अधिक-उणे किती. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, वाऱ्यावर आहे." हे उत्तर खरं होतं, पण मला त्याचा काही उपयोग नव्हता.

अम्माला तिच्या बहिणीकडे जायचं होतं. अम्मा चौऱ्याहत्तर वर्षांची, मावशी एकोणसत्तर. मावशी चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन तिकडे गेली. गेली नऊ वर्षं दोघी भेटल्या नव्हत्या, कारण मावशीच्या हृदयाची झडप नीट चालत नव्हती आणि डॉक्टरांनी तिला विमान बंद केलं होतं. आता ती झडप बदलायची ठरली. ऑपरेशन एका शुक्रवारी. फोनवर मावशी एवढंच म्हणाली होती, "अक्का, त्याआधी एकदा ये." अम्माने आयुष्यात कधी एकटीने विमानप्रवास केला नव्हता. ती म्हणाली, "येते."

तिकीट काढायचं काम माझं. शुक्रवारच्या आधी पोचायचं, आणि एकादशी टाळायची, या दोन अटी. आमचं घराणं इथे साडेतीनशे वर्षांपासूनचं म्हणतात. घरात मराठी बोलतो, पण व्रतं मठाच्या पंचांगाने चालतात. अम्मा पन्नास वर्षं महिन्यातून दोनदा निर्जळी एकादशी करते. पाण्याचा थेंब नाही. दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर आंघोळ, देवाला नैवेद्य, मग तुळशीचं पान आणि तीर्थ घेऊन उपास सोडायचा. त्याला पारणं म्हणतात, आणि ते द्वादशीची तिथी संपायच्या आत व्हायला हवं.

मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरात बघितलं. ते माझ्या बायकोच्या माहेरून, निपाणीहून, दर वर्षी येतं. सोमवारच्या चौकोनात ठळक अक्षरात एकादशी लिहिलेली. म्हणून मी मंगळवार दुपारी एक चाळीसचं सरळ जाणारं विमान घेतलं. सकाळी पारणं करून, जेवून निघेल. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं.

तिकीट काढून चार दिवस झाले असतील. अम्मा मठाचं पातळ पंचांग मांडीवर घेऊन बसली होती.

"अरे, मंगळवारी एकादशी आहे."

"सोमवारी, अम्मा."

"ती सोमवारची दुसऱ्यांची. आपली मंगळवारी. सोमवारी पहाटे दशमी शिल्लक आहे, ती आपल्याला चालत नाही. तू कुठलं कॅलेंडर बघितलंस?"

मी स्वयंपाकघरात गेलो, चष्मा लावला. मंगळवारच्या चौकोनात, दूधवाल्याच्या खुणेखाली, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं: भागवत एकादशी. म्हणजे आपली. पन्नास वर्षं या घरात राहून मी ठळक अक्षर वाचून मोकळा झालो होतो. माझ्या हाताखालच्या माणसाने तापमापकाची चुकीची पट्टी वाचली असती तर मी त्याला फैलावर घेतलं असतं.

बायको म्हणाली, "माझ्या माहेरच्या कॅलेंडरला नावं ठेवू नका. त्यात दोन्ही आहेत."

तारीख बदलायला फोन केला. पाऊण तासाने एक माणूस मिळाला. बुधवारी जागा नव्हती, गुरुवारी होती, पण गुरुवारी पोचून उपयोग काय, दुसऱ्या दिवशी पहाटे मावशीला आत नेणार. आदल्या रविवारी एक जागा होती, पण मी काढलेल्या तिकिटाला बदल चालत नव्हता. फक्त आजारपणाचं कारण चालत होतं.

"सर, ही एकादशी वैद्यकीय कारण आहे का?"

"नाही. पण त्यातून वैद्यकीय कारण तयार होऊ शकतं."

"सर, तयार झाल्यावर फोन करा."

मी फोन ठेवला. मग कागद घेतला आणि खरा हिशोब मांडला, आणि तेव्हा प्रकरण किती वाईट आहे ते कळलं.

विमान पूर्वेला जातं. मंगळवारी दुपारी एक चाळीसला निघालेलं, जवळजवळ सोळा तास उडून, तिथे मंगळवारीच संध्याकाळी पाचला उतरतं. दोन्हीकडच्या घड्याळांत साडेबारा तासांचा फरक आहे, तो असा खिशात पडतो. सोळा तासांचा प्रवास, आणि घड्याळात फक्त तीन तास वीस मिनिटं. मी हे अम्माला कौतुकाने सांगायला गेलो, ही माझी दुसरी चूक.

"म्हणजे उतरल्यावर पुन्हा मंगळवारच?"

"हो."

"मग एकादशी संपली कुठे? बुधवारी सकाळी, तिथला सूर्य उगवल्यावर सोडीन."

मी मनात बेरीज केली. बेंगळुरूत मंगळवारचा सूर्योदय सहा दहा. तिथे बुधवारचा सहा पंचावन्न, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे सात पंचवीस. सदतीस तास पंधरा मिनिटं. शिवाय अम्मा सूर्योदयापासून मोजते, पण शेवटचं पाणी ती आदल्या रात्री नऊला पिते. म्हणजे शरीराच्या दृष्टीने शेहेचाळीस तास पंचवीस मिनिटं, त्यातले सोळा विमानातल्या कोरड्या हवेत, वय चौऱ्याहत्तर, रक्तदाबाची गोळी चालू.

आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "घरी करतात तेवढं, तेसुद्धा मी डोळे मिटून घेतो म्हणून. याच्यावर नको. विमानात तर नकोच."

मी अम्माला म्हटलं, "विमानात मध्येच सूर्य उगवणार आहे. तू पूर्वेला जाणार, तो लवकर भेटेल. तेव्हा सोड."

"आकाशात? आंघोळ नाही, तुळस नाही, देव नाही. आणि तो कुठल्या गावचा सूर्य?"

"सूर्य एकच असतो, अम्मा."

"मग इथेच बसून सोडते की."

"पाणी तरी घे. तब्येतीला सूट आहे म्हणून मठातल्या आचार्यांनीच सांगितलंय. मी विचारलंय त्यांना."

"सूट आजाऱ्यांना. मी आजारी आहे का? आजारी ती आहे." मग म्हणाली, "तिच्या ऑपरेशनच्या आठवड्यात मी एकादशी मोडू म्हणतोस?"

मला राग येत होता, आणि कुणावर ते ठरत नव्हतं. ठळक अक्षरावर, वाऱ्यावर, ताशी आठशेने भागणाऱ्यांवर, आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर. दोनच रस्ते दिसत होते. एक तर अम्माने जायचं नाही, आणि मग मावशीच्या शुक्रवारी काही बरंवाईट झालं तर ते मी आयुष्यभर बाळगायचं. नाहीतर तिला कोरड्या घशाने चौदा हजार किलोमीटर पाठवायचं. मी रोज संध्याकाळी ऑफिसातून येऊन तक्ते करत बसलो. वारा अनुकूल असेल तर, नसेल तर, उशिरा सुटलं तर. बायकोने एक दिवस चहाचा कप तक्त्यावरच ठेवला.

"अहो, हे सगळं करून तास कमी होतायत का?"

नव्हते होत. प्रत्येक तक्त्याच्या खाली तेच, सदतीस पंधरा.

शेवटी मी न विचारता मावशीला फोन लावला, की तिनेच अक्काला समजवावं. स्पीकर चालू केला आणि अम्माला बोलावलं. मला वाटलं, मावशी म्हणेल, बाई, पाणी पी. तिने वेगळंच विचारलं.

"अक्का, तुझी एकादशी कधी?"

"मंगळवारी. तुझी?"

"माझी सोमवारी."

"म्हणजे? मठ बदललास की काय तिकडे जाऊन?"

मावशी हसली, मग तिला दम लागला, आम्ही थांबलो. "मठ तोच गं. पंचांग इथलं वेगळं छापतात. तिथी चंद्राची, ती सगळीकडे एकदमच बदलते. तुमच्याकडे तेव्हा पहाट असते, माझ्याकडे आदला दिवस असतो. किती तरी वेळा तुझी मंगळवारी तर माझी सोमवारी. चाळीस वर्षांत तू कधी विचारलं नाहीस."

"तू तरी कुठे सांगितलंस."

"ऐक. तू मंगळवारी संध्याकाळी उतरशील तेव्हा माझ्या घरी द्वादशी असणार. तुझी एकादशी तुझ्या सूर्यावर सुरू होईल, पण उतरशील ती माझ्या द्वादशीत. द्वादशी हातात असताना पारणं केलं नाहीस तर दोष कुणाला?"

अम्मा पंचांगाचं पान उगाच सरळ करत राहिली. मग म्हणाली, "सरी, ठीक आहे. पण ही द्वादशी किती वाजेपर्यंत?"

दोघी माझी वाट बघत होत्या. मी मठाचं पंचांग घेतलं. द्वादशी बुधवारी सकाळी सात दहापर्यंत. साडेबारा तास वजा. "तिथे मंगळवारी संध्याकाळी सहा चाळीस," मी म्हणालो.

एक वजाबाकी. दोन आठवडे मी अंतर, वेग, वारा, सूर्योदय सगळं मोजलं आणि पलीकडच्या विमानतळावर तिथी कुठली असेल हे बघितलंच नव्हतं. मी धरूनच चाललो होतो की एकादशी आपल्याबरोबर विमानात बसून येते. आणि गंमत म्हणजे, गंमत म्हणायची तर, ही वेळ अम्माच्या रोजच्या पारण्याचीच होती. बेंगळुरूच्या घड्याळाने ती बुधवारी सकाळी सात वाजताच पाणी पिणार होती, पन्नास वर्षं पितेय तसं. डॉक्टरांना चालणारे तेच तास.

"पण सहा चाळीसच्या आत हं," अम्मा म्हणाली. "द्वादशी निघून गेली तर मग नाही. मग बुधवारची सकाळ. मध्ये काही नाही."

"आंघोळीचं काय करशील?" मी विचारलं.

मावशीच म्हणाली, "प्रवासात हातपाय धुतले की झालं. विमानतळावर नळ आहेत. तीर्थ आणि तुळस मी घेऊन येते."

"तू येऊ नकोस!" आम्ही दोघंही ओरडलो.

"तुळस माझ्या हाताने खुडलेली आहे, ती माझ्याबरोबरच येणार. मुलगा गाडी चालवेल."

म्हणजे आता सगळं एका फटीत आलं. उतरणं पाच वाजता, शेवट सहा चाळीसला. शंभर मिनिटं. त्यात विमानातून बाहेर येणं, कागदपत्रांची रांग, सामान. मी अम्मासाठी व्हीलचेअर सांगितली. तिला ते आवडलं नाही. "मला चालता येत नाही का?" मी म्हटलं, "अम्मा, ही पायांसाठी नाही, रांगेसाठी." सामान एकच, हातात धरता येईल एवढं. आणि तरीही कुणी मला सांगू शकत नव्हतं की सोळा तासांना अधिक-उणे किती. मी शोधून शोधून त्या विमानाच्या मागच्या काही दिवसांच्या उतरण्याच्या वेळा उतरवून घेतल्या. कधी पंचवीस मिनिटं लवकर, कधी पन्नास मिनिटं उशिरा. शंभरातून पन्नास गेले की पन्नास.

मंगळवारी सकाळी सव्वाआठला निघालो. अम्माने सहा दहाला संकल्प केला होता, कपाळाला गंध, ओठ कोरडे. महादेवपुऱ्याच्या आयटी कंपन्यांकडे जाणारी सगळी गर्दी जणू आमच्यापुढेच होती. चालक मधूनमधून "स्वल्प जाम" म्हणत होता. स्वल्प म्हणजे किती हे मी त्याला दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा अम्मा म्हणाली, "त्याला गाडी चालवू दे, अण्णा." ती मला अण्णा म्हणते तेव्हा तिला माझी दया आलेली असते.

विमानतळाच्या दारात मी तिच्या हातात एक कागद दिला. मोठ्या अक्षरात एकच वेळ, ६:४०, तिथल्या घड्याळाची. तिने तो पंचांगात ठेवला, पंचांग पिशवीत, आणि पिशवीची चेन लावली. आता तो कागद कसला बघतेय, मला वाटलं. व्हीलचेअर ढकलणाऱ्या मुलीला ती कन्नडमध्ये काहीतरी सांगत आत गेली. दोघी हसत होत्या.

विमान एक चाळीसऐवजी दोन वाजून दोन मिनिटांनी सुटलं. बावीस मिनिटं गेली.

बुधवारी सकाळी साडेपाचपासून मी फोन समोर ठेवून बसलो. फोनवर ते छोटं विमान निळ्या पाण्यावरून सरकत होतं. आपल्या घड्याळाने साडेपाचला उतरायचं, ते पाच अठ्ठेचाळीसला उतरलं, म्हणजे अठरा मिनिटं उशीर. वाऱ्याने चार मिनिटं परत दिली होती. बायकोने पोहे केले, मी खाल्ले नाहीत.

"तुम्हाला कुणी एकादशी करायला सांगितली?"

सहा तीसला मावसभावाचा निरोप आला: आई आणि मी बाहेरच्या दाराशी उभे आहोत, अजून कुणी दिसत नाही. सहा पन्नास, काही नाही. सात. मी अम्माला फोन लावला, बंद. विमानात बंद केलेला तो तिने चालू केलाच नसणार, आणि चालू करायचा असतो हे मी कागदावर लिहिलं नव्हतं. सात दहा झाले. मी घड्याळाकडे बघितलं आणि मग बघणं बंद केलं.

सात एकवीसला फोन आला. मावशी.

"घेतलं रे. अक्काने तीर्थ घेतलं. वर तांब्याभर पाणीही प्याली."

"किती वाजता?"

"काय किती वाजता? दोघी रडत होतो, घड्याळ कोण बघतंय? वेळेत झालं. मी सांगितलं तिला, अजून वेळ आहे अक्का."

मग अम्मा आली फोनवर. आवाज ताजा. "पोचले. विमानात झोपच लागली मला. ती बारीक झालीय रे फार." आणि मग, "तुझी ती सहा चाळीस बरोबर होती हं. तिने सांगितलं, पाच मिनिटं आधीच झालं."

दुपारी मावसभावाने फोटो पाठवला. अम्मा व्हीलचेअरमध्ये, मान वर करून. मावशी तिच्यावर वाकलेली, हातात छोटं फुलपात्र, ते अम्माच्या ओठांना टेकत आलेलं. अम्माचे डोळे मिटलेले. त्यांच्या मागे भिंतीवर आकडे पेटणारं घड्याळ आहे. मी फोटो मोठा करून बघितला, ती माझी सवय. त्यावर ६:४७ होते.

मी बायकोला दाखवलं. तिने बराच वेळ बघितलं. तिने घड्याळ बघितलं की नाही मला कळलं नाही. "छान आलाय," ती म्हणाली. "फ्रेम करू. पण चेहऱ्यांपुरताच कापून."

शुक्रवारी मावशीचं ऑपरेशन नीट झालं. आठवड्याने ती फोनवर बोलायला लागली, तेव्हा पहिल्यांदा मलाच म्हणाली, "तुझा तक्ता अगदी बरोबर निघाला हो." मी म्हणालो, "हो मावशी." मग तिने फोन अम्माला दिला.

माझ्या वहीत त्या दिवसाचं पान आहे. निघालो ८:१५. सुटलं २:०२. उतरलं ५:४८, आपल्या वेळेने. खाली पारण्याची ओळ तीन दिवस रिकामी होती. शेवटी मी लिहिलं, सकाळी ७:०५, अधिक-उणे पंधरा मिनिटं. असं अधिक-उणे प्रयोगशाळेत कुणी मला लिहून आणून दिलं असतं तर मी परत पाठवलं असतं.